तांबखडीच्या कमानीवरचं नाव

तांबखडी गावाच्या वेशीवर कमान उभी राहिली होती आणि तिच्यावर संपतराव फडतऱ्यांच्या पणजोबांचं नाव कोरलं जाणार होतं. 'वीर दत्ताजी फडतरे प्रवेशद्वार.' ग्रामसभेत ठराव झाला होता, पाथरवट येऊन माप घेऊन गेला होता, सव्वीस जानेवारीचा मुहूर्त धरला होता. अडलं होतं फक्त एका दाखल्यावर.

२०३८ साली सार्वजनिक बांधकामाला जुन्या माणसाचं नाव द्यायचं, तर 'लोकवृत्त'चा दाखला लागायचा. लोकवृत्त म्हणजे देशाच्या इतिहासाचं सरकारी कोठार, पण कुलूप नसलेलं. पलटणींची हजेरीपत्रकं, मोडीतली पत्रं, शाळांचे दाखले, जत्रांच्या हँडबिलांपासून लग्नपत्रिकांपर्यंत सगळ्या कागदांचे फोटो पूर्वीच काढून ठेवलेले होते. पण ते वाचायला माणसं नव्हती. मग यंत्राला मोडी वाचता यायला लागली, पाठोपाठ कारकुनांची घाईतली अक्षरं लागायला लागली, आणि शेवटी त्याला सगळ्यात अवघड गोष्ट जमली. एका कागदावरचा 'दत्ताजी बिन आनाजी' आणि दुसऱ्या कागदावर साहेबाने लिहिलेला 'डट्टाजी फर्टरे' हा एकच माणूस आहे, हे ते ओळखू लागलं. फोन हातात घ्यायचा आणि विचारायचं. लोकवृत्त शांत, सुसंस्कृत आवाजात उत्तर द्यायचं. त्या आवाजाला कुणाची भीडभाड नव्हती.

तांबखडीत पहिल्या सहा महिन्यांत या आवाजाने बराच गोंधळ घातला. भैरोबाची आरती चारशे वर्षांची म्हणून गाव अंगावर शहारे आणून म्हणत असे. तिची चाल एका केशतेलाच्या रेडिओवरच्या जाहिरातीची निघाली. तालमीच्या वस्तादांनी आपल्या आजोबांची गाजलेली कुस्ती शोधायला सांगितली, तेव्हा आजोबा फडाच्या कडेला उभे राहून हलगी वाजवत होते असं कळलं. वस्ताद आठ दिवस तालमीकडे फिरकले नाहीत.

संपतराव या सगळ्याला पोट धरून हसले होते. ते एस.टी.तून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले होते. तेहेतीस वर्षं स्टँडच्या खिडकीत बसून त्यांनी गाड्या का उशिरा येतात हे लोकांना सांगितलं होतं, त्यामुळे दुसऱ्याची फजिती मजेत बघायची त्यांना सवय होती. आपल्या घराची तर त्यांना काळजीच नव्हती. पहिल्या महायुद्धात दत्ताजी फडतऱ्यांनी फ्रान्सच्या आघाडीवर संगिनीने सात जर्मन लोळवले, हे तांबखडीतलं शेंबडं पोरसुद्धा सांगत असे. बिल्ला घरात होता. चौकटीत लावलेला मानाचा कागद घरात होता. आता नावाला कमानही येत होती.

आणि कमान आली की हणमंत बागलाचं तोंड बघण्यासारखं होणार होतं. खरं तर सगळा आटापिटा त्याच्यासाठीच होता.

हणमंत बागल म्हणजे फौजेतून निवृत्त झालेला हवालदार. घर फडतऱ्यांच्या घराला लागूनच. त्याचाही पणजोबा गावात पूजनीय होता. १९१८ च्या तापाच्या साथीत, घरचे लोक घरच्यांना शिवत नव्हते तेव्हा, रामजी बागल आजाऱ्यांना पाणी पाजत आणि मेलेल्यांना खांदा देत गावभर फिरला. त्याची सनद बागलांच्या भिंतीवर होती, आणि गावचं आरोग्य उपकेंद्रही त्याच्याच नावाचं होतं. बावीस वर्षांपूर्वी पंधरा ऑगस्टला कुणाच्या पणजोबांच्या फोटोला आधी हार घालायचा यावरून दोघांची जुंपली. तेव्हापासून बोलणं बंद. काही सांगायचंच झालं तर दोघं तिसऱ्याच्या तोंडून सांगत. तिसरा नसेल तर हणमंताच्या म्हशीला सांगत.

सतरा जानेवारीला सकाळी संपतरावांनी आंघोळ करून, गंध लावून अर्ज भरला. बिल्ल्याचा फोटो जोडला, मानाचा कागद जोडला. लोकवृत्ताने अर्धं मिनिट घेतलं.

"आपल्या अर्जाचा निष्कर्ष तयार आहे," आवाज म्हणाला. "दत्ताजी फडतरे या नावाने भरती झालेला शिपाई शूर होता. तो जखमी साथीदाराला पाठीवर घेऊन परतला. पुढच्या महिन्यात तो कैद झाला. सात शत्रू मारल्याचा उल्लेख कोणत्याही कागदात नाही."

"सात नसतील, पाच असतील," संपतराव म्हणाले. "पुढं बोला."

"तो शिपाई दत्ताजी फडतरे नव्हता."

संपतरावांनी फोन कानाशी नेला, पुन्हा लांब धरला. "काय नव्हता?"

लोकवृत्ताने समजावून सांगितलं. भरतीच्या कागदावर शिपायाचा अंगठा होता. माणसाच्या अंगठ्यावरच्या रेषा कुठे मध्येच तुटतात, कुठे त्यांना फाटे फुटतात, आणि त्या तुटण्या-फुटण्याची जागा जन्मभर बदलत नाही. शंभर वर्षांत शाई फिकट होते, पण डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशात कागदाचा फोटो घेतला की त्याच रेषा पुन्हा उजळतात. भरतीच्या कागदावरचा अंगठा दत्ताजींच्या १९३२ सालच्या विहिरीच्या करारावरच्या अंगठ्याशी जुळत नव्हता. शाळेला जागा दिल्याच्या कागदावर मात्र तोच अंगठा, सतरा ठिकाणी जुळणारा, सापडला होता.

"शाळेला जागा कुणी दिली?" संपतरावांनी विचारलं. उत्तर त्यांना ठाऊक होतं. शाळेच्या दारावरच पाटी होती.

"रामजी बिन लक्ष्मण बागल यांनी."

संपतराव जागेवरच बसले. आवाज पुढे नियम सांगत राहिला. निष्कर्ष दुसऱ्या घराशी संबंधित असल्याने आठ दिवसांनी तो बागल कुटुंबाला कळवला जाईल. तसं नको असल्यास अर्जदाराला निष्कर्ष कायमचा बंद करता येईल, मात्र त्यासाठी घरातल्या प्रत्येक सज्ञान व्यक्तीचा अंगठा लागेल. याखेरीज एक जुनं ध्वनिमुद्रण आणि एक जोडनिष्कर्ष उपलब्ध आहे, ते दोन्ही घरांच्या संमतीनंतरच उघडतील.

संपतरावांच्या घरात सज्ञान माणसं दोन. मुलगी लग्न होऊन नगरला गेली होती. उरल्या त्यांच्या पत्नी शालनताई.

"हितं जरा अंगठा टेक," संपतराव स्वयंपाकघरात जाऊन सहज सुरात म्हणाले. "गॅसच्या सबसिडीचं आहे."

शालनताई भाकरी थापत होत्या. "माझा अंगठा पिठाचा आहे. आणि सबसिडी बंद होऊन धा वर्सं झाली. काय केलंत?"

छत्तीस वर्षांच्या संसारात संपतरावांना बायकोशी एकदाही धड खोटं बोलता आलं नव्हतं. त्यांनी सगळं सांगून टाकलं. शालनताईंनी ती भाकरी उलटली, पुढची थापली, तीही उलटली.

"म्हंजे लढाईला गेला तो हणमंतभाऊजींचा पणजा."

"हळू बोल! भिंत एक आहे."

"आणि आपला कुठं होता?"

"घरी. भ्याला असणार." संपतराव कुजबुजले. "मी काय तोंड दाखवू गावात? तू अंगठा दे, विषय मिटला."

"मी न्हाय देणार."

"अगं, तू फडतरे आहेस!"

"तीपण कागदावरच," शालनताई म्हणाल्या. "आमच्या बाबांनी शालन दिली, तुम्ही तांदळात अंगठीनं दुसरं नाव लिहिलंत, ते आजवर कुणी हाक मारायला वापरलं न्हाय. त्या नावाचा अंगठा हवा तर तिला शोधा. हे बघा, आठ दिवसांनी भाऊजींना फोनवर कळण्यापरीस तुमच्या तोंडनं कळू द्या. मग त्यांनी ऐकून झाका म्हनलं, तरी मी एका बी हाताचा अंगठा देणार न्हाय."

पुढचे चार दिवस संपतरावांनी फार हाल काढले. बाहेर पडले की कुणीतरी कमानीचा विषय काढायचं. पाथरवट विचारायला आला, 'वीर'मधला 'वी' दीर्घच ना? मंडपवाल्याने त्यांच्यासाठी खास फेटा मागवल्याचं सांगितलं. पाचव्या दिवशी संपतराव बागलांच्या अंगणात गेले. हणमंत म्हशीला पाणी दाखवत होता. मिशा अजून फौजेतल्यासारख्याच कातरलेल्या.

संपतराव म्हशीसमोर उभे राहिले. "म्हशे, मालकाला सांग, महत्त्वाचं बोलायचं आहे."

हणमंत म्हशीच्या पाठीवर थोपटत म्हणाला, "म्हशे, त्यांना सांग, कमानीची आमंत्रणपत्रिका टपालानं पाठवा. मी त्या दिवशी गावाला जाणार आहे."

"म्हशे, त्याला सांग, कमानीवर त्याच्या पणजाचं नाव यायला पाहिजे होतं."

म्हशीने पाण्यातून तोंड वर काढलं. हणमंताच्या हातातली बादली खाली आली.

"काय म्हणालास संप्या?"

बावीस वर्षांनी तो थेट बोलला होता, पण ते दोघांच्याही लक्षात आलं नाही. ओसरीवर बसून संपतरावांनी फोन पुढे केला आणि लोकवृत्ताने निष्कर्ष पुन्हा वाचला. हणमंत ताठ बसून ऐकत होता. ऐकता ऐकता त्याची छाती फुगत गेली. शेवटी तो उभाच राहिला.

"म्हणजे फ्रान्सला आमचा म्हातारा गेला! कैदेत आमचा म्हातारा! बिल्ला आमचा, कागद आमचा, कमान आमची!" त्याने टाच टाचेवर आपटली. "मला वाटायचंच, फडतऱ्यांच्या सात पिढ्यांत कुणी बंदुकीचा आवाज ऐकलेला दिसत नाही, ह्यांचा पणजाच कसा काय मर्द निघाला? आत्ताच्या आत्ता सगळ्या गावाला सांगतो."

"सांग," संपतराव मान खाली घालून म्हणाले. "सांगावं म्हणूनच आलो."

हे ऐकून हणमंत जरा थबकला. समोरचा माणूस भांडतच नाही म्हटल्यावर जिंकण्यातली निम्मी मजा गेली. तो पुन्हा बसला. "ते राहिलेलं काय आहे? जोडनिष्कर्ष? उघड बघू, आमच्या म्हाताऱ्याला अजून काय काय मिळालंय." आणि त्याने फोनवर अंगठा दाबला. संपतरावांनीही दाबला.

"१९१८ च्या साथीत सेवा केल्याबद्दल रामजी बागल यांना सनद मिळाली," लोकवृत्त म्हणालं. "ती मिळाल्याच्या पोचपावतीवर अंगठा आहे. त्या वेळी रामजी बागल परमुलखात कैदेत होते. पावतीवरचा अंगठा दत्ताजी आनाजी फडतरे यांचा आहे."

हणमंताने भिंतीवरच्या सनदेकडे पाहिलं. मग अंगणापलीकडे दूरवर, आरोग्य उपकेंद्राच्या पाटीकडे.

"पण अख्ख्या गावाला कळलं नाही?" तो शेवटी म्हणाला. "हा इथं, तो तिथं, नावं उलटी..."

"गावाला कळलंच असणार," संपतराव सावकाश म्हणाले. स्टँडवर असताना बोर्डावरची गाडी आणि फलाटावरची गाडी वेगळी असल्याचं त्यांनी हजारदा पाहिलं होतं. "सरकारदरबारी एक फसवणूक झाली होती, ती लपवायला कागदावर नावं तशीच ठेवायला लागली. म्हणून बिल्ला आमच्या घरी आला आणि सनद तुमच्या. गाव चेष्टाच करत असेल. मग ती माणसं गेली आणि राहिला कागद. आपण कागद वाचून एकमेकांशी भांडलो."

हणमंताचा चेहरा एकाएकी कडक झाला. "संपत, हे बंद करून टाक. फौजेत खोट्या नावानं भरती होणं हा गुन्हा आहे. मी हवालदार होतो. मी अशी पोरं दोन वेळा पकडून दिलीत."

"माझीही तीच इच्छा आहे," संपतराव म्हणाले. "पण शालन अंगठा देत नाही."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं होतं, आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

ध्वनिमुद्रण ऐकायला त्यांनी शालनताईंनाही बोलावलं. लोकवृत्ताने आधी थोडक्यात सांगितलं. त्या कैद्यांच्या छावणीत भाषा गोळा करणारा एक पंडित येत असे. कैद्यांना भोंग्यासमोर उभं करून तो त्यांची बोली मेणाच्या तबकडीवर उतरवून घेई. मेण इतकं ठिसूळ झालं होतं की सुई टेकवली असती तर चुरा झाला असता. म्हणून खाचेवरून नुसता प्रकाशाचा किरण फिरवला. खाच जिथे जशी हलली होती तसा किरण हलला, आणि त्या हलण्यातून पुन्हा आवाज घडवला. पंडिताला या तबकडीतली बोली कळली नव्हती. त्याने वर 'लोकगीत असावे' असं लिहून ठेवलं होतं.

आधी खरखर आली, मग एक तरणा, घाईतला आवाज.

"नाव सांग म्हनत्यात. नाव दत्ताजी बिन आनाजी फडतरे, मुक्काम तांबखडी. झालं? आता काय बी बोल म्हनत्यात. दत्त्या, लेका, ऐक. हितं लई थंडी हाय. म्या मागं पळत गेलो ते माझं बूट ऱ्हायलं हुतं म्हनून, तर वाटंत एक जखमी शिख गडी पडल्याला. त्याला उचलला, बूट ऱ्हायलंच. आता समदी शूर म्हनत्यात, म्या गप बसतो. तुझं नाव नीट वापरतोय. तुझ्या नावानं कुनाशी भांडलो न्हाय. एकदाच भांडलो. परत देईन तवा धुऊन देईन. तू बी माझं नाव जपून वापर. आन् आईला..."

खरखर वाढली. तबकडी संपली.

शालनताईंनी पदराने डोळे पुसले. हणमंत भिंतीकडे तोंड करून उभा होता आणि उगाचच खाकरत होता.

"तू अंगठा नको देऊ," संपतराव शालनताईंना म्हणाले.

"मी कुठं देत होते," त्या म्हणाल्या.

तरीही सव्वीस जानेवारीला सकाळी कमान कोरीच होती. आदल्या दिवशीपर्यंत दोघं नव्याने भांडत होते. हणमंत म्हणे, लढाईवर गेला त्याचं नाव आधी. संपतराव म्हणत, तापाच्या साथीत लढाईपेक्षा जास्त माणसं मेली, तिथे उभा राहिला त्याचं आधी. पाथरवट छिन्नी घेऊन शिडीवर बसून राहिला होता.

झेंडावंदन झालं. पाहुण्यांचं भाषण झालं. मग सरपंचांनी ध्वनिक्षेपक संपतरावांच्या हाती दिला. फेटा त्यांना सैल झाला होता आणि सारखा कपाळावर येत होता. त्यांनी तो काढून हातात धरला.

"मंडळी," ते म्हणाले, "माझे पणजोबा फ्रान्सला गेलेच नव्हते."

मग त्यांनी काहीही न वगळता सगळं सांगितलं. तबकडी कर्ण्यावरून ऐकवली. सात जर्मनांचं काय झालं तेही सांगितलं. हणमंत बोलावल्याशिवाय उठून त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आणि दवाखान्याच्या पाटीवरचं नावही चुकीचं आहे. ते फडतऱ्यांचं काम आहे." पाहुण्यांनी आपल्या सचिवाकडे पाहिलं. सचिवाने कार्यक्रमपत्रिकेकडे पाहिलं.

"शेवटी एकच गोष्ट," संपतराव म्हणाले. "हे त्यांनी का केलं, माझे पणजोबा का गेले नाहीत, हे लोकवृत्ताला मी रोज विचारतोय. ते म्हणतं, कागदोपत्री आढळ नाही. भ्याले असतील तर तसं. मी ते मान्य करतो."

"भ्याला कशापायी?" बायकांच्या बाजूने एक खणखणीत आवाज आला.

सतरंजीवर पुढेच गावातल्या सगळ्यात वयस्क यसाबाई बसल्या होत्या. वय चौऱ्याण्णव, दात एक, कान शाबूत. "रामा विधवेचा एकुलता. आई जाऊ देईना, आन् ह्याचा पाय घरात ठरंना. अशा पोराला सरकार बी आईला इचारल्याबिगर घेत नव्हतं. मग दत्ता म्हनला, माझं नाव घेऊन जा, मला भाऊ हायेत, मी म्हातारीकडं बघतो. म्हातारीला डोळ्यानं दिसत नव्हतं. पाच वर्सं दत्ता रोज तिच्या ताटाशी बसून रामाच्या आवाजात जेवला."

"तिला कळलं नाही?" हणमंताने विचारलं. आवाज हवालदाराचा नव्हता.

"पैल्याच दिशी कळलं! आई हाय ती. पन पोर एवढं जिवानं खोटं बोलतंय, त्याचं मन कशाला मोडा, म्हनून ती बी पाच वर्सं गप ऱ्हायली. रामा परत आला तवा म्हनली, 'आता दोघं बी बसा जेवाया.'"

पाथरवटाने शिडीवरूनच विचारलं, "मग कोरू काय?"

"दत्ताजी आणि रामजी," संपतराव म्हणाले. "आडनावं नको घालू. कुणाचं कुणाला लावायचं यावर पुन्हा बावीस वर्षं जातील."

हणमंताने मान हलवली आणि छिन्नीचा पहिला टोला पडला.

"पण यसाआजी," संपतरावांना अजून राहवत नव्हतं, "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सासूनं. लगीन होऊन आले त्या साली. गावातल्या समद्या जुन्या बायांस्नी ठावं हुतं."

"मग इतकी वर्षं बोलला का नाही?"

"इचारलं का कुनी?" यसाबाई म्हणाल्या. "तुम्ही समदी त्या फोनलाच इचारत बसता." त्यांनी सतरंजीवर मांडी बदलून ऐसपैस बैठक घेतली. एव्हाना सगळी सभा त्यांच्याकडे सरकली होती. त्यांनी व्यासपीठावर नजर फिरवली आणि ती मधल्या खुर्चीवर थांबवली. "आता सरपंचाच्या आज्याचं सांगू का?"

"आभारप्रदर्शन!" सरपंच ध्वनिक्षेपक हिसकावून घेत ओरडले.